सिकल सेलवर संशोधन करायचंय? मग आधी विहिरीचं पाणी तपास

*ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एसवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. माझं गाव धडगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मावसभावाला सिकल सेल आहे, पावसाळ्यात त्याचे सांधे धरतात, दवाखान्यात न्यावं लागतं. मला या आजारावर संशोधन करायचं आहे. आमच्या एका सरांना सांगितलं, तर म्हणाले, "संशोधन हे आपल्याकडच्या मुलांचं काम नाही, लॅब टेक्निशियनची डीएमएलटी कर नाहीतर बीएड कर." मी असं ठरवलंय की आधी एमएस्सी करायची, मग इंग्रजी सुधारायचं, मग संशोधनाचं बघायचं. तोवर कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून गावातल्या पन्नास लोकांचं रक्त सिकल सेलसाठी तपासावं, असं मनात आहे. बरोबर चाललंय का? नाव छापू नका.*

नाव छापलेलं नाही. मनात धरलंयस ते बरोबर आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. आणि रक्ततपासणीचा प्रोजेक्ट अजिबात करायचा नाही. आधी त्याचंच बोलू, कारण बाकीचं चुकलं तर नुकसान तुझं एकटीचं होईल. हे चुकलं तर गावाचं होईल.

सिकल सेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, आणि त्याची सोल्युबिलिटी टेस्ट दिसायला फार सोपी असते. सोडियम डायथायोनाइट असलेल्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकायचे आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. म्हणूनच ती कॉलेजात करून बघावीशी वाटते. पण ही टेस्ट वाहक (ज्याला सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं आहे) आणि रुग्ण (ज्याला ते दोघांकडून आलं आहे) यांच्यात फरक करत नाही. तो फरक हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी केल्यावरच कळतो. आता कल्पना कर, तुझ्या पन्नासातल्या दहा जणांच्या नळ्या गढूळ झाल्या. त्यातल्या एखाद्या मुलीचं लग्न ठरलेलं आहे. तू घरी जाऊन काय सांगणार? वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता रुग्ण असण्याची, हे त्या घराला समजावायला कोण बसणार? गावात बातमी पोचते ती फक्त "तिच्या रक्तात दोष आहे" एवढीच.

माणसांवरच्या कोणत्याही संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठीच आहेत, ती इंटरनेटवर फुकट मिळतात. तुझ्या कॉलेजात अशी कमिटी बहुधा नसेल. शिवाय सिकल सेलच्या तपासणीचं काम सरकारी यंत्रणा करतेच आहे. जुलै २०२३मध्ये केंद्राने सिकल सेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं. गावच्या आशाताईला विचार, शिबिर कधी आहे ते ती सांगेल. तिथे तुमच्या पावरी बोलीतून मराठीत आणि मराठीतून पावरीत सांगायला माणूस हवाच असतो. ते काम कर. एका शिबिरात तुला कळेल की लोक रक्त द्यायला का कचरतात, आणि ते कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

आता क्रमाकडे येते. "आधी एमएस्सी, मग इंग्रजी, मग संशोधन" असा विचार तुझ्यासारखी बरीच मुलं करतात, कारण संशोधन ही शिकून झाल्यावर मिळणारी नोकरी आहे असं बाहेरून दिसतं. प्रत्यक्षात निवडणारी माणसं विचारतात की आजवर स्वतःच्या हाताने काय केलंस. मी अशा मुलाखतींच्या टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसले आहे. पुण्यात प्राध्यापकाच्या घरी वाढलेल्या मुलाला उन्हाळ्यात कुठल्या लॅबमध्ये जायचं, फॉर्म कधी निघतात, शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं हे जेवताना कानावर पडलेलं असतं. तुझ्या कानावर ते पडलेलं नाही. फरक बराचसा एवढाच आहे आणि तो वर्ष-दीड वर्षात भरून निघतो, पण आत्ता सुरुवात केली तर.

सुरुवात तुझ्या हातात आहे त्या गोष्टीने कर. तू मायक्रोबायोलॉजीची आहेस, तुझ्या गावात विहिरी, झरे आणि हातपंप आहेत, आणि पिण्याच्या पाण्यात कोलाय गटाचे जंतू साधारण किती, याचा अंदाज देणारी एमपीएन टेस्ट तुझ्या अभ्यासक्रमात असणारच. मॅकॉन्की ब्रॉथ या जंतू वाढवायच्या माध्यमाच्या नळ्या, त्यात वायू धरायला उलट्या ठेवलेल्या छोट्या डरहॅम ट्यूब, ३७ अंशांवर २४ ते ४८ तास, रंग बदलला का, बुडबुडा आला का, एवढंच. प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळा वर्ग एकदा करतो आणि जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवून मोकळा होतो. तू तीच टेस्ट चार-पाच ठरावीक जागांच्या पाण्यावर पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कर. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आलेलाच आहे, त्यात हे चपखल बसेल. खर्च फारसा नाही आणि महागडं यंत्र कुठलंच लागत नाही.

पण नीट कर. निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि शक्यतो सहा तासांच्या आत लॅबमध्ये लावायचा. धडगावहून एसटीने खाली येताना हे जमवणं हेच अर्धं संशोधन आहे. एखाद्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेत क्लोरिनने जंतू मरतील आणि तू लिहिशील "पाणी शुद्ध". प्रत्येक वेळी एक नळी निर्जंतुक पाण्याची आणि एक माहीत असलेल्या ई. कोलाय जंतूची लाव. पहिलीत काही वाढलं तर तुझं माध्यम किंवा हात दूषित आहेत. दुसरीत काही वाढलं नाही तर माध्यमच कामाचं नाही. याला कंट्रोल म्हणतात, आणि मुलाखतीत हमखास अडकवणारा प्रश्न हाच असतो: "तुमचा कंट्रोल काय होता?" महागड्या मशीनवर काम केलेली मुलं इथे गप्प होतात, कारण मशीन दुसऱ्याने लावून दिलेलं असतं.

जोडीला मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडं द्रव मोजून उचलायची पिपेट. तुमच्याकडे एखादी असेलच, बहुधा कपाटात कुलपात, कॉलेजला दर्जा देणारी नॅकची कमिटी आली की बाहेर येणारी. मॅडमना विनंती करून ती मिळव. मिलिग्रॅम दाखवणारा काटा घे, त्यावर छोटं बीकर ठेव आणि १००० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाकून दर वेळचं वजन लिही. एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. खोलीत ३० अंश असतील तर ०.९९६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. दहा आकड्यांची सरासरी काढ, स्टँडर्ड डेव्हिएशन काढ. सरासरी बरोबर पण आकडे विखुरलेले असतील तर दोष तुझ्या अंगठ्याचा. आकडे जवळजवळ पण सगळेच कमी असतील तर दोष पिपेटचा. आठवड्याने पुन्हा कर. एका दुपारच्या या खेळात हातही बसतो आणि स्टॅटिस्टिक्सही कळतं, जे पुस्तकातून कोणालाच धड कळत नाही.

हे सगळं एका पक्क्या बांधणीच्या वहीत लिही. सुट्या कागदांवर नको, तारखेशिवाय नको. फसलेलं सुद्धा लिही. भाषा मराठी-इंग्रजी मिसळलेली असली तरी चालेल. शहरातल्या दुकानात बांधून मिळणारे तयार प्रोजेक्ट रिपोर्ट मी पाहिलेत. सोनेरी अक्षरं, आत एकही खाडाखोड नाही. असं काही समोर आलं की मी दुसरा प्रश्न विचारत नसे.

म्हणजे सिकल सेल सोडून द्यायचं का? मुळीच नाही. त्यावर आत्ता वाचायचं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, हे तुला पाठ असेल. पण मग बदल तोच असून तुझा मावसभाऊ दर पावसाळ्यात दवाखान्यात जातो आणि गावातला दुसरा कोणी रुग्ण चाळिशीपर्यंत शेतात राबतो, असं का? काहींच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, काहींना जोडीला अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा दोष असतो, आणि तरी सगळा उलगडा होत नाही. संशोधनाचा प्रश्न असा दिसतो. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचं केंद्र चंद्रपूरला आहे. दोन्हीकडे हिमोग्लोबिनच्या आजारांवर काम चालतं. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेत सिकल सेलसाठी क्रिस्परवर, म्हणजे जनुक दुरुस्त करण्याच्या तंत्रावर, काम चालू आहे. यांचे पेपर पबमेड सेंट्रल या वेबसाइटवर शोध, बरेचसे फुकट मिळतात.

इंग्रजीचं घोडं इथेच अडतं, मला माहीत आहे. पेपर पहिल्या ओळीपासून वाचू नकोस. आधी आकृत्या बघ, त्यांच्याखालच्या ओळी वाच, मग पद्धतीचा भाग. पद्धतीचं इंग्रजी ठोकळेबाज असतं, तेच दीडदोनशे शब्द फिरून फिरून येतात. तीन-चार पेपर झाले की पाचवा सोपा जातो. महिन्यात एक पेपर घे, आणि समजला की मैत्रिणीला मराठीत किंवा पावरीत पाच मिनिटं सांग. सांगता आलं नाही तिथे तुला कळलेलं नाही, असं समज. अस्खलित बोलण्याच्या क्लासला पैसे घालू नकोस.

आता उन्हाळा. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम, विद्यावेतन आणि रेल्वेचं भाडं. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात. आपल्या मुलांची इथेच चुकामूक होते. ती एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर चौकशीला निघतात. अर्जात काय करायचंय आणि का, हे थोडक्यात लिहावं लागतं आणि शिक्षकाची शिफारस लागते. पात्रतेच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीतच बघ, सिनिअर मुलांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप तुला कोणी सुचवली तर ती एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी आहे, तिथे वेळ घालवू नकोस.

अकादमीकडून नाही झालं तर थेट पत्र पाठवता येतं. पुण्यात एनसीसीएस, आयसर, आघारकर, खारघरला ॲक्ट्रेक, परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्याची संस्था आणि हाफकिन, अशा संशोधन संस्था आहेत. मात्र चाळीस शास्त्रज्ञांचे पत्ते एकाच रकान्यात टाकून "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग" असं पाठवायचं नाही. असा मेल आला की शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यालाही तोच आलेला असतो, आणि दोघं मिळून हसतात. एका वेळी एकालाच लिही, आठ-दहा ओळी, साध्या इंग्रजीत. मजकूर साधारण असा: मी अमुक कॉलेजात एसवायला आहे. तुमच्या गटाचा अमुक पेपर वाचला. तिसऱ्या आकृतीत अमुक रुग्णांचे आकडे वेगळे का आहेत, ते मला कळलं नाही. मी पाण्याची एमपीएन टेस्ट स्वतः केली आहे, वहीची दोन पानं जोडली आहेत. मे आणि जूनमध्ये मी पूर्ण वेळ येऊ शकते, राहण्याची सोय अशी अशी आहे. जागा आहे का? बस्स. "तुमच्या थोर कार्याने प्रेरित होऊन" वगैरे नको. पुष्कळ जण उत्तर देणार नाहीत. दहा दिवसांनी एकदा आठवण करून दे, मग पुढच्या नावाकडे वळ. त्यात अपमान वाटून घेऊ नकोस, मेल खरोखरच खाली गेलेले असतात.

पैसे घेऊन पंधरा दिवसांत "मॉलिक्युलर बायोलॉजी ट्रेनिंग" देणाऱ्या खासगी वर्गांपासून लांब राहा. तिथे डीएनएच्या प्रती काढायचा एक पीसीआर सगळ्या बॅचला लांबून दाखवतात आणि सर्टिफिकेट रंगीत देतात. आईवडिलांच्या ऊसतोडीच्या पैशांची ती किंमत नाही.

आता तुमचे ते सर. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही आणि त्यांचं ऐकूनही उपयोग नाही. "आपल्याकडची मुलं" म्हणताना त्यांच्या मनात काय होतं ते तुलाही कळलं, मलाही कळलं. शिफारसपत्र त्यांच्याकडून घेऊ नकोस. डिपार्टमेंटमध्ये जे कोणी प्रॅक्टिकल स्वतः उभं राहून घेतात, वेळेआधी येतात, त्यांच्याकडे जा. पाण्याच्या कामाची वही त्यांना दर पंधरा दिवसांनी दाखव. वर्षाअखेर त्यांना तुझ्याबद्दल लिहायला दोन खऱ्या गोष्टी सापडतील. "ही विद्यार्थिनी नियमित व आज्ञाधारक आहे" असल्या पत्राला निवड समितीत कोणी मोजत नाही. "हिने क्लोरिनमुळे निकाल चुकतोय हे स्वतः शोधून काढलं" हे एक वाक्य असलं तर अर्ज ढिगातून वर येतो.

बीएस्सीनंतरचं थोडक्यात. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरने जॅम ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा दे. त्यावर आयआयटीतल्या एमएस्सीचे आणि आयआयएस्सीच्या इंटिग्रेटेड पीएचडीचे दरवाजे उघडतात, आणि इंटिग्रेटेड पीएचडीला सुरुवातीपासून विद्यावेतन असतं. अर्ज टीवायच्या सुरुवातीलाच, सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात, एसटी प्रवर्गाला आणि मुलींना फी कमी असते. दुसरी परीक्षा गॅट-बी, केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने पुरस्कृत केलेल्या एमएस्सी अभ्यासक्रमांसाठी. तिसरी सीयूईटी-पीजी, केंद्रीय विद्यापीठांतल्या एमएस्सीसाठी. तिन्हींचे जुने पेपर काढून बसलीस की कळेल, निम्मी तयारी बायोकेमिस्ट्रीची आणि बारावीच्या गणिताची आहे. गणित सोडून दिलं असशील तर या दिवाळीत परत काढ. नव्या धोरणातलं संशोधनासह चौथं वर्ष तुला कॉलेजात देऊ करतील. त्याचे गुण चांगले असतील तर पुढे थेट पीएचडीला अर्ज करता येतो हे खरं (यूजीसीची अट ७५ टक्क्यांची, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), पण ज्या डिपार्टमेंटमध्ये कोणीच संशोधन करत नाही तिथे ते वर्ष काढण्यात काही हशील नाही.

कागदपत्रं मात्र आजच काढायला घे. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर प्रकरण तपासणी समितीकडे कुठे अडलंय ते बघ. राज्यातले प्रवेश आणि शिष्यवृत्त्या त्यावर अडतात. केंद्राच्या संस्थांना जमातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात सेतूत रांग लावलेल्या मुली मी पाहिल्यात. दाखल्यावरचं, आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना, ते तपास. शहरात आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्याच विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, राहण्याजेवणाचे पैसे खात्यावर येतात. ते उशिरा आले तर पहिले दोन-तीन महिने निभावतील एवढी तजवीज आधी कर. राखीव जागेवर अर्ज करताना मान खाली घालू नकोस. लॅबमध्ये कोणीतरी एकदा टोमणा मारेल, त्या वेळी उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. टोमणे थांबत नसतील तर संस्थेत एससी-एसटी सेल असतो, तिथे लेखी तक्रार कर.

घरच्यांना काय सांगायचं, ते पत्रात विचारलं नाहीस, पण तोच प्रश्न सगळ्यात जड असणार. खरे आकडे सांग. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,००० रुपये, वर घरभाडं. एसटी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिपही आहे, वर्षाला ७५०. पण तिथे पोचायला तुला अजून चार वर्षं तरी आहेत, पीएचडीला पुढची पाच-सहा, फेलोशिपचे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने थकतात आणि कायम नोकऱ्या थोड्या आहेत. हे लपवून त्यांच्याकडून होकार घेऊ नकोस.

आणि डीएमएलटीला नाक मुरडू नकोस. घरची तंगी खरोखरच असेल तर ते करून एखाद्या रक्तपेढीत किंवा आयसीएमआरच्या प्रकल्पात तांत्रिक कामावर लागता येतं, अशा जागांच्या जाहिराती संस्थांच्या वेबसाइटवर येत असतात. तिथे दिवसभर खऱ्या रुग्णांचे नमुने हाताखालून जातात, पगार मिळतो, आणि दोन वर्षांनी जॅम देता येते. गडचिरोलीत ३९ खेड्यांमध्ये झालेलं नवजात बालकांवरचं जे काम १९९९मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं, त्यातलं बाळांना तपासायचं आणि नोंदी ठेवायचं काम गावातल्याच बायकांनी शिकून केलं होतं. बीएड मात्र "दुसरं काही सुचत नाही" म्हणून करू नकोस. शिकवायची मनापासून हौस असेल तरच कर.

श्रावणात पाणी गढूळ असतं तेव्हाच पहिला नमुना घे, आणि तो कुठल्या विहिरीचा, किती वाजता घेतला, आदल्या दिवशी पाऊस होता का, एवढं लिहून मला कळव. आकडे आले की त्यांचं काय करायचं ते पुढच्या पत्रात बघू.